माझी कुठली आली संस्था?

माझ्या क्रोममध्ये घुसलेलं एक एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) निघेना, तेव्हा 'फॉरमॅटच मारावा लागते' असं सांगणाऱ्या दुरुस्तीवाल्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझं छोटं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, लाइट बिल, थम लावून पैसे काढणं, आणि जुलै आला की पीक विमा. त्या गर्दीत एका सातबाऱ्याची पीडीएफ मोठी झाली, साइट घेईना. लहान करायचं सॉफ्टवेअर गूगलवर शोधलं, वरचीच जाहिरात उघडली, भलंमोठं हिरवं बटण दाबलं. विंडोजनं परवानगी विचारली, येस केलं. चूक माझीच.

दुसऱ्या दिवशी होमपेज बदललेलं. काही शोधलं की आधी भलत्याच पानावर जायचं, तिथून फिरून रिझल्ट यायचे, त्यातले वरचे चार जाहिरातीचे. कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात 5 व्हायरस' अशा सूचना. (त्या सूचना म्हणजे व्हायरस नव्हे. कुठल्यातरी साइटला आपणच 'अलाऊ' दिलेलं असतं. क्रोमच्या साइट सेटिंग्जमधून नोटिफिकेशन बंद केले की थांबतात.)

एक्स्टेन्शनच्या यादीत पाहिलं तर कधी न ऐकलेलं एक नाव. पण काढायचं बटणच नाही! बंद करायची पट्टी करडी, दाबली तरी हलत नाही. आणि मेनूच्या तळाशी एक ओळ: 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन', म्हणजे हे तुमची संस्था सांभाळते.

माझी कुठली आली संस्था? मी सभासद आहे तो फक्त गावच्या सेवा सहकारी सोसायटीचा, आणि माझं क्रोम तिनं चालवायला घ्यावं असं कोणत्याच आमसभेत ठरलं नव्हतं.

इथे माझे तीन दिवस गेले. क्रोम रीसेट केलं, ते तिथेच. नवीन प्रोफाइल उघडलं, तिथेही हजर. क्रोम काढून पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. बाकावर बसलेले काका म्हणाले, "काऊन रे पोरा, सकायपासून बसलो मी. माया फारम भरतं का नाई?" काय सांगणार? त्यांचा फॉर्म मोबाइलवरून भरला, पाऊण तास लागला.

तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. "फॉरमॅटच मारावा लागते. 500 रुपये, दोन दिवस ठेवून जा." जुलैत दोन दिवस! शिवाय फॉरमॅटनंतर थम मशीनची आरडी सर्व्हिस (ते मशीन चालवणारं सॉफ्टवेअर), प्रिंटर, स्कॅनर सगळं पुन्हा बसवायचं, ते कोण करणार?

रात्री स्वतःच शोधत बसलो तेव्हा उलगडा झाला. मोठ्या कंपन्या आपल्या संगणकांवर क्रोमसाठी नियम लावतात: अमुक एक्स्टेन्शन राहीलच, कर्मचाऱ्यानं काढायचं नाही. हा नियम क्रोममध्ये नसतोच, विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवतं तिथे असतो. मी 'येस' दिलेल्या त्या सॉफ्टवेअरनं नेमक्या त्याच जागी आपला नियम लिहून ठेवला होता. क्रोमला वाटतं साहेबाचा हुकूम आहे. क्रोम काढलं तरी रजिस्ट्रीतली नोंद राहते, म्हणून ते परत येतं.

क्रोमच्या वरच्या पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत क्रोम, कोलन, दोन स्लॅश आणि पॉलिसी टाइप करा. लागलेले नियम दिसतात. माझ्याकडे 'एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट' (जबरदस्तीनं बसवायच्या एक्स्टेन्शनची यादी) होतं आणि समोर 32 अक्षरांची लांबलचक रांग. एक्स्टेन्शनच्या पानावर डेव्हलपर मोड चालू केला की प्रत्येकाचा आयडी दिसतो. अक्षर अक्षर बोट ठेवून जुळवलं. तेच होतं.

मग रजिस्ट्री बदलायचं विंडोजचं साधन, रेजएडिट, उघडलं. लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम. ती फोर्सलिस्ट उडवली, क्रोम उघडलं, एक्स्टेन्शन गायब. खुशीत चहा मांडला. सकाळी संगणक सुरू केला तर बसलंय पुन्हा तिथेच!

आता खरं सांगतो, मॉनिटर रस्त्यावर फेकावासा वाटला. कारण होतं टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या विंडोजच्या भागात. 'अपडेटर' अशा साळसूद नावाचं एक काम, दर लॉगिनला पॉवरशेलची (विंडोजला हुकूम देणारी) एक फाइल चालवून नोंद परत लिहिणारं. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी ते काम आणि त्याची फाइल, मग कंट्रोल पॅनलमधून मूळ सॉफ्टवेअर, शेवटी रजिस्ट्री. करंट युजरखालीही तीच पॉलिसीजची जागा असते, तीही पाहा. आणि हात लावण्याआधी रजिस्ट्रीचा बॅकअप घ्या, मी घेतला नव्हता.

ऑफिसच्या लॅपटॉपवर ती ओळ दिसली तर मात्र घाबरू नका, तिथे ती बहुधा खरीच असते.

राहिलंच: डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये, टार्गेटच्या रकान्याच्या शेवटी, कुठल्यातरी साइटचा पत्ता चिकटवलेला सापडला. तोही पुसा. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले, कारण त्या एक्स्टेन्शनला सगळ्या साइटवरचं वाचायची परवानगी होती आणि माझ्या संगणकावर अर्ध्या गावाचे फॉर्म भरले जातात.

संगणक सकाळी सव्वादहाला मोकळा झाला. दुरुस्तीवाल्याला मुद्दाम फोन करून सांगितलं.

आणि ती पीडीएफ? स्कॅन करतानाच रंगीतऐवजी काळंपांढरं आणि 100 डीपीआय निवडलं की लहानच निघते. कुठलंच सॉफ्टवेअर लागत नाही.