आमची वाटचाल : कुत्र्याबिगर खंडोबा

सासवडहून जेजुरी हाकेच्या अंतरावर. त्यामुळे आजोबांच्या दुकानात दागिन्यांपेक्षा देवच जास्त घडायचे. देव म्हणजे देव्हाऱ्यातले चांदीचे टाक. भाऊ वेगळे झाले की नव्या घराला नवे टाक लागतात, झिजलेले उजळायला येतात. मंदी कसली ती या कामाला नाही.

ओतीव ठशावर चांदीचा पातळ पत्रा ठेवायचा, वरून शिसं ठोकत आकृती उठवायची. चांदी ठोकली की ताठरते, मग तापवून पुन्हा मऊ करायची. घाई केली की पत्रा फाटतो, आणि तोही नेमका घोड्याच्या पायाशी.

खंडोबाच्या टाकात जागा थोडी आणि मंडळी फार. देव घोड्यावर, मागे म्हाळसा, खाली कुत्रा. मणी दैत्याने शरण येऊन आपला पांढरा घोडा देवाला दिला, अशी कथा. आणि कुत्र्याचा मान तर एवढा, की वाघे स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात. जोतिबाही घोड्यावरच. आमच्या ठशांत तो एकटा स्वार, म्हणून कुत्रा दिसला की खंडोबा, हे गिऱ्हाईक लांबूनच ओळखतं.

वडिलांच्या वेळी हातकामाला माणसं मिळेनात. मी नुकताच दुकानात बसू लागलो होतो, हुशारी दाखवायला बाहेरून यंत्रावर दाबलेले 200 टाक आणले. हलके, चकचकीत, स्वस्त. आठवड्याने एक आजी टाक घेऊन परत आल्या. "ह्यात कुत्रं कुठंय? कुत्र्याबिगर खंडोबा देव्हाऱ्यात कसा बसवू?" भिंग लावून पाहिलं. घोड्याच्या पोटाखाली नुसता फुगवटा. वडील काही बोलले नाहीत. उरलेले सगळे टाक त्यांनी मुशीत टाकले. घडणावळ बुडाली, चांदी तेवढी उरली.

तेव्हापासून खंडोबा हातानेच. आता पुण्याहून, परदेशातूनही मागणी येते. फोटो पाठवून लोक विचारतात, आमच्या जुन्या टाकात घोड्याचं तोंड उजवीकडे होतं, तसंच कराल ना? करतो. त्यासाठी दोन्ही तोंडांचे ठसे ठेवलेत.

आजोबांच्या ठशातल्या कुत्र्याची शेपटी मात्र झिजत आलीय. चंपाषष्ठीची गर्दी ओसरल्यावर नवा ठसा कोरायला घेतला. घोडा झाला, म्हाळसा झाली. कुत्रा अजून राहिलाय.