पाण्याच्या मोटारी वेळेवर निघतात, मग जनावरे का नाहीत?

दूधगंगेच्या काठावरच्या आमच्या गावात पावसाळ्यात प्रत्येकाच्या मोबाइलवर आकडे येत राहतात. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले, दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून विसर्ग वाढला, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघाली. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी-निपाणीकडचा पूर मुख्यतः सह्याद्रीतल्या पावसावर ठरतो, आणि कृष्णा फुगली की दूधगंगेच्या पाण्यालाही पुढे वाट मिळत नाही. पण ते पाणी खाली येईपर्यंत आपल्या हाती वेळ असतो, आणि तोच आपण वाया घालवतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक काम मात्र सहसा चुकत नाही. नदी चढू लागली की शेतकरी काठावरच्या विजेच्या मोटारी काढून घेतात. त्यासाठी दवंडी लागत नाही, कारण पाणी कुठवर आले म्हणजे निघायचे, ट्रॅक्टर कोणाचा, ओढायला कोण येणार आणि मोटार ठेवायची कुठे, हे सगळे आधीच ठरलेले असते. घर सोडण्याच्या बाबतीत यातले काहीच ठरलेले नसते. इतके लाख क्युसेक पाणी सोडले, एवढ्यावरून आपल्या उंबऱ्याला पाणी कधी लागेल हे कळत नाही, म्हणून माणसे भिंतीवरच्या जुन्या खुणेवर विसंबतात. ती खूण किती फसवी असते, हे २०१९ च्या ऑगस्टमध्ये दिसले. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी २००५ च्या पुराच्या पातळीच्याही वर गेले.

खरी अडचण गोठ्यात आहे. काळजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या सरकारी निवाऱ्यात, माणसांची सोय होते, पण दुभत्या म्हशीची होईल याची खात्री नसेल तर घरातले कोणीतरी मागे राहतेच, आणि शेवटी त्याला आणायला बोट पाठवावी लागते. अशा माणसाला हट्टी म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण डेअरीच्या बिलावरच त्याचे घर चालते. शिवाय जनावरे पूल बुडण्याआधीच हलवावी लागतात. २०१९ आणि २०२१ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेच्या पाण्याने पुणे-बंगळूर महामार्गसुद्धा बंद पाडला होता, मग गावाकडच्या बुटक्या पुलांचे काय सांगावे!

म्हणून मे महिन्यातच ग्रामसभेने माळावरची जागा, चारा, पिण्याचे पाणी आणि ट्रॅक्टर नावानिशी ठरवावेत, आणि इशारा पातळी आली की आधी अंथरुणाला खिळलेली माणसे व गरोदर बायका, लगेच जनावरे, असा क्रम गल्लीगल्लीत सांगून ठेवावा. डेअरीने दूधसंकलनही त्या दिवसांत माळावरच करावे, म्हणजे गोठा वेळेवर सोडणाऱ्याचे त्या आठवड्याचे दूध बुडणार नाही.