इंग्रजीची तासिका आणि मोबाइलवरचा सराव

नागपूरच्या महाविद्यालयांत पहिल्या वर्षाच्या इंग्रजीच्या वर्गात धरमपेठेतील इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून आलेली मुलगी आणि काटोल, उमरेड किंवा सावनेरहून रोज एसटीने येणारा मराठी माध्यमाचा मुलगा एकाच बाकावर बसतात. राज्यात २००० सालापासून मराठी शाळांमध्येही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. तरीही वर्गात उभे राहून चार वाक्ये बोलायची म्हटली की त्या मुलाचा घसा कोरडा पडतो. सत्तर विद्यार्थ्यांचा वर्ग आणि पाऊण तासाची तासिका असेल, तर शिक्षक पूर्ण वेळ गप्प राहिला तरी एकेकाच्या वाट्याला पाऊण मिनिटही येत नाही. मला ब्लेंडेड लर्निंग, म्हणजे वर्गातले शिकवणे आणि ऑनलाइन सराव यांची सांगड, मनापासून हवे आहे, ते या हिशेबामुळे.

आजचे भाषाशिक्षणाचे ॲप विद्यार्थ्याचा उच्चार ऐकते, चुकलेला शब्द पुन्हा विचारते, उत्तरांनुसार पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड करते. शिकलेला शब्द वाढत्या अंतराने पुन्हा समोर आणण्याची त्याची युक्ती जुनीच आहे. शिकलेले काळानुसार कसे विसरत जाते, हे दाखवणारा विस्मरणाचा आलेख जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच मांडला होता. वर्गासमोर चुकण्याची लाज वाटणाऱ्या मुलाला एकांतात वीस वेळा चुकता येणे, हे मला या साधनाचे सर्वांत मोठे देणे वाटते.

मात्र घरी ॲप आणि वर्गात पुस्तक, असे दोन वेगळे संसार मांडले म्हणजे ब्लेंडेड लर्निंग होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ च्या मसुद्यात प्रत्येक अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवण्याची कल्पना मांडली, पण केवळ टक्केवारीची वाटणी करून काही साधत नाही. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात मिश्र पद्धतीचे निष्कर्ष निव्वळ वर्गशिक्षणापेक्षा सरस आढळले. पण त्या विद्यार्थ्यांना बहुतेकदा जास्तीचा वेळ आणि जास्तीचे साहित्यही मिळाले होते, हे लेखकांनी स्पष्टपणे नोंदवले आहे. म्हणून ॲपवरच्या चुकांचा अहवाल शिक्षकाने तासिकेपूर्वी वाचणे आणि त्यावरून तासिका आखणे, हाच या पद्धतीचा गाभा आहे, असे माझे ठाम मत आहे.

त्या अहवालाचा अर्थ लावायला इथलाच माणूस लागतो. आपल्याकडे ‘मला समजून राहिलं’, ‘तो जाऊन राहिला’ ही बोलण्याची रोजची रीत आहे. तीच घडण मनात ठेवून विद्यार्थी ‘आय अंडरस्टँड’ऐवजी ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ म्हणतो. ॲप प्रत्येकाच्या वाक्याखाली लाल रेघ ओढून थांबते. शिक्षकाला मात्र ती अर्ध्या वर्गाची एकच चूक दिसते. बोलीला नावे न ठेवता तो दोन्ही भाषांतील क्रियापदांची वागणूक शेजारी शेजारी मांडतो आणि दहा मिनिटांत तो प्रश्न मार्गी लागतो. उच्चारांचेही तसेच आहे. मराठीत एकच ‘व’ असल्यामुळे इंग्रजीतले ‘v’ आणि ‘w’ हे दोन वेगळे ध्वनी आपल्या मुलांच्या तोंडी एक होतात, तेव्हा ओठ आणि दात कसे ठेवायचे हे समोर उभे राहून दाखवावे लागते. शिवाय यंत्राने कमी गुण दिले म्हणजे उच्चार अनाकलनीय असतोच असे नाही. ज्या आवाजांवर ते घडवले गेले त्यांच्यापेक्षा आपला सूर वेगळा असू शकतो, हे मुलांना आवर्जून सांगितले पाहिजे, नाहीतर वर्गातली लाज तेवढी मोबाइलमध्ये शिरते.

सर्वांकडे स्वतंत्र फोन नसतो, म्हणून ग्रंथालयातील संगणकांवर सरावासाठी वेळापत्रकातच तासिका राखून ठेवणे आवश्यक आहे. याहून कठीण प्रश्न मूल्यमापनाचा आहे. घरून लिहून आणलेला निबंध आता यंत्रही लिहून देते आणि ॲपवर घालवलेल्या मिनिटांना गुण दिले तर मिनिटेच वाढतात. घरच्या सरावाला गुण नकोत. लेखन वर्गात हाताने व्हावे आणि अंतर्गत गुणांपैकी निम्मे संभाषणाला मिळावेत, असा प्रस्ताव मी येत्या सत्रासाठी विभागाच्या बैठकीत मांडणार आहे.