जेट स्प्रे, तुरटी आणि बिचारे लॅक्टोबॅसिलस

जुलै आला की आमच्या घणसोलीच्या फ्लॅटमध्ये कपडे हा एकच विषय असतो. बाल्कनीत पाऊस, आत पंख्याखाली स्टँड, त्यावर परवाचे ओलसर कपडे आणि त्यातही अंडरवेअर कायम टॉवेलच्या मागे, कोणी आलं तर दिसायला नको म्हणून. म्हणजे ज्या कपड्याला सगळ्यात जास्त हवा लागते तोच सगळ्यात कमी वाळतो, मग तो तसाच दमट घालायचा, ट्रान्सहार्बर लोकलच्या गर्दीत घामाने चिंब होत ठाणे गाठायचं आणि दिवसभर एसीत त्याच टाइट लेगिंगमध्ये बसायचं. आणि मग मामेबहिणीचा मेसेज येतो, "ताई, खाज येतेय गं, कुठला इंटिमेट वॉश चांगला?"

माझं उत्तर ठरलेलं आहे, कुठलाच नको. आतून तर नाहीच नाही. त्यावर ती म्हणते, अगं पण जाहिरातीत पीएच बॅलन्स म्हणतात ना. हो म्हणतात, पण तो बॅलन्स तुझं शरीर फुकटात करतंय, तू फक्त त्यात हात घालू नकोस.

हे जरा नीट सांगते. आल्बर्ट डोडरलाइन नावाच्या जर्मन डॉक्टरने 1892 मध्ये योनीतल्या स्रावात काठीसारखे दिसणारे बॅक्टेरिया असतात आणि ते आम्ल तयार करतात असं लिहून ठेवलं. तेच आपले लॅक्टोबॅसिलस. इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे योनीच्या आतल्या अस्तरात ग्लायकोजेन साठतं, त्याची साखर सुटते, हे बॅक्टेरिया ती खातात आणि लॅक्टिक अ‍ॅसिड सोडतात. विरजण लागतं तसंच, दूध आंबट झालं की त्यात दुसरं काही सहज वाढत नाही. पाळी चालू असलेल्या वयात आतला पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, साधारण 3.8 ते 4.5 असतो; आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट, म्हणजे हे चांगलंच आंबट. काळी पॅंटी मध्येच फिकट, तांबूस पडते ना? बऱ्याच जणी घाबरतात, नाहीतर डिटर्जंटला शिव्या घालतात. तो त्या आम्लाने उडालेला रंग असतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

तसंच अंगावरून पांढरं जाणं. थोडं जाणारच. पाळीच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट आणि पारदर्शक, नंतर जरा घट्ट. आपल्याकडे त्याला लगेच अशक्तपणाशी जोडतात, "अंगावरून जातंय, हाडं झिजतील" वगैरे, माझ्या आजीपासून ऐकतेय. तसं काही नसतं. रंग, वास किंवा प्रमाण नेहमीपेक्षा बदललं, खाज किंवा जळजळ सुरू झाली, तर मात्र बघायचं.

आता जेट स्प्रे. यावर कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. आपल्या सगळ्या बिल्डिंगमध्ये तो असतो आणि कित्येक जणी तो फुल प्रेशरने पुढून थेट आत मारतात, स्वच्छ वाटतं म्हणून. डॉक्टर ज्याला डूशिंग म्हणतात ते जवळपास हेच झालं. रोज आत पाणी मारलं की लॅक्टोबॅसिलसही वाहून जातात आणि त्यांनी केलेलं आम्लही, आणि डूशिंग करणाऱ्यांमध्ये बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे आतल्या बॅक्टेरियांचा समतोल बिघडणं, जास्त दिसतो हे बऱ्याच अभ्यासांत आलंय. मागून स्प्रे मारताना पाणी पुढे येतं तो वेगळाच ताप. बाहेरून, हलक्या धारेने, पुढून मागे, आणि नंतर टिपून कोरडं, एवढं पुरे. बादलीत अँटिसेप्टिक टाकून धुणं, तुरटीचं पाणी, कडुनिंबाचं पाणी, सेंटेड वाइप्स, वासाचे पॅड, यातलं काहीही नको. तुरटीने "घट्ट" होतं म्हणणाऱ्या काकू प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात, त्यांना नमस्कार करून पुढे जायचं.

खरा घोळ होतो मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर. लाजत लाजत "खाज येतेय" एवढंच सांगायचं आणि तो एक ट्यूब देतो, अँटिफंगल, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड तिन्ही एकत्र. दोन दिवस बरं वाटतं कारण स्टेरॉइडने खाज दबते, मग परत तेच, आणि कातडी पातळ होते ते वेगळं. मुळात इथे दोन सर्रास होणाऱ्या गोष्टी आहेत आणि त्या एक नाहीत. यीस्ट, म्हणजे बुरशी, असेल तर खाज भयंकर, दह्यासारखं घट्ट पांढरं, वास फारसा नाही. बॅक्टेरियल व्हजायनोसिस असेल तर पातळ, राखाडी-पांढरं आणि माशांसारखा वास, जो सेक्सनंतर जास्त येतो कारण वीर्य अल्कधर्मी असतं. यीस्टच्या औषधाने व्हजायनोसिस जात नाही, व्हजायनोसिसच्या मेट्रोनिडॅझोलने यीस्ट जात नाही. आणि ट्रायकोमोनास वगैरे लैंगिक संसर्ग पण असेच दिसू शकतात. त्यामुळे पहिल्यांदा होतंय, परत परत होतंय, पोटात दुखतंय, ताप आहे किंवा दिवस गेलेत, तर गायनॅककडे जाऊन तपासून घ्या. स्रावाचा पीएच बघणं आणि थेंबभर स्राव मायक्रोस्कोपखाली बघणं, एवढ्यानेही बराच उलगडा होतो.

व्हजायनोसिस परत येतो ही बायकांची सगळ्यात मोठी तक्रार, आणि ती खरी आहे, औषध घेऊनही निम्म्याहून जास्त जणींना वर्षाच्या आत परत होतो. आणि दरवेळी बोलणी तिलाच, की तूच नीट स्वच्छता ठेवत नसशील. तर 2025 मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास छापून आला. त्यात एकाच जोडीदारासोबत असलेल्या बायकांच्या पुरुषांनाही एक आठवडा गोळ्या आणि लावायचं क्रीम दिलं, तर 12 आठवड्यांत परत होण्याचं प्रमाण 63 टक्क्यांवरून 35 टक्क्यांवर आलं. परत परत होत असेल तर नवऱ्यालाही सोबत न्या आणि डॉक्टरांना हे थेट विचारा. तो म्हणेल मला काय झालंय, मी कशाला. न्या तरीही.

सगळ्यांचं आत एकसारखं असतं असंही नाही हां. 2011 मध्ये अमेरिकेत 396 निरोगी बायका तपासल्या तर त्यांच्या योनीतल्या बॅक्टेरियाचे पाच गट निघाले आणि साधारण चौथा हिस्सा बायकांत लॅक्टोबॅसिलसचं वर्चस्वच नव्हतं, तरी त्यांना त्रास काहीच नव्हता. म्हणून त्रास नसताना हजारो रुपयांचं मायक्रोबायोम (आतल्या बॅक्टेरियांची वस्ती) टेस्ट किट मागवून रिपोर्ट बघत रडत बसू नका.

दह्याबद्दल पण हमखास विचारतात. खा की, छान आहे, पण दह्यातले बॅक्टेरिया बहुतेक वेगळ्या जातीचे, योनीत राहणारे लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस वगैरे त्यात नसतात. आणि आत दही लावायचं तर अजिबात नाही. क्रिस्पॅटसच थेट योनीत ठेवून बघितलं 2020 च्या एका अमेरिकन ट्रायलमध्ये, तिथे फायदा दिसला, व्हजायनोसिस परत येण्याचं प्रमाण 45 वरून 30 टक्क्यांवर आलं. पण ते मेट्रोनिडॅझोलच्या कोर्सनंतर दिलं होतं, आणि दुकानातली साधी प्रोबायोटिक कॅप्सूल म्हणजे ते नव्हे.

मग रोज करायचं काय, तर कंटाळवाण्या गोष्टी. कॉटनची पॅंटी, पावसाळ्यात घालायच्या आधी इस्त्री फिरवून पूर्ण कोरडी, घरी आल्या आल्या ओले कपडे बदलणं, रात्री झोपताना सैल गाऊन आणि आत काही नाही. पॅड चार-सहा तासांनी बदलायचं, रक्त कमी असलं तरी, कारण ओलसर पॅडने मांड्यांची कातडी सोलवटते. शुगर असेल तर ती ताब्यात ठेवायची, नाहीतर यीस्ट पिच्छा सोडत नाही. सर्दी झाली की मनाने अँटिबायोटिक घ्यायचं नाही, त्यात लॅक्टोबॅसिलस पण मरतात आणि यीस्टला मोकळं रान मिळतं. आणि स्टेशनवरचं टॉयलेट घाण म्हणून पाणीच न पिता ठाण्यापासून पनवेलपर्यंत दाबून बसणं, हे लघवीच्या इन्फेक्शनला आमंत्रण, मायक्रोबायोमचा विषय नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पाळी गेलेल्या बायकांचं गणित वेगळं. इस्ट्रोजेन कमी झालं की ग्लायकोजेन कमी, लॅक्टोबॅसिलस कमी, पीएच वर चढतो, कोरडेपणा, जळजळ, सारखी लघवी. ठाण्याची माझी मावशी वयाच्या नावाखाली हे किती तरी दिवस गप्प सोसत होती, साबण बदलून बदलून दमली. शेवटी मी तिला गायनॅककडे नेलं. मॅडमनी तपासून, आधीचे सगळे रिपोर्ट बघून आत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम दिलं, आधी रोज आणि मग आठवड्यातून दोनदा, आणि सांगितलं की फरक पडायला काही आठवडे जातील, मध्येच सोडू नका. मावशीने सोडलं नाही. आता तिच्या भजनी मंडळातल्या दोघी तिला त्या मॅडमचा पत्ता विचारतायत.