पसायदान प्रार्थना म्हणून नाही, पाठ म्हणून

आज नाशिकमध्ये जिल्हा परिषद शाळांतल्या शिक्षकांशी दिवसभर यावरच बोलणं झालं. संतसाहित्य वर्गात शिकवायचं कसं?

पूर्ण सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे राज्यघटनेचं कलम २८(१). धर्मांविषयीचा अभ्यास मात्र वेगळा. अरुणा रॉय खटल्यात (२००२) सर्वोच्च न्यायालयाने तो फरक मान्य केलाय.

गाडी अडते ती प्रत्यक्ष तासाला. पसायदान परिपाठात हात जोडून म्हटलेलं असतं, मग वर्गातही मुलं डोळे मिटून चाल धरतात. म्हणून आधी फळ्यावर पहिली एकच ओवी लिहा. देवें, तोषावें, द्यावें हे यमक मुलांनाच सापडू द्या. चौथा चरण आखूड आहे, तो मोठ्याने वाचून घ्या. मग मागणाऱ्याने स्वतःसाठी काय मागितलं, ते नऊही ओव्यांत शोधायला लावा.

पुढच्या तासाला बायबलमधली प्रभूची प्रार्थना, कुराणातली अल-फातिहा. प्रश्न अगदी तेच. एका ग्रंथाला भक्ती आणि दुसऱ्याला चिकित्सा लावली की विषय तिथेच बुडतो, आणि मुलांना ते लगेच कळतं.

परीक्षेत श्रद्धेला गुण नकोत. ‘कोण, कोणाकडे, काय मागतो?’ एवढंच विचारा. त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या समाधीपाशी सहल जरूर न्या, वही घेऊन. दर्शन ज्याचं त्याने ठरवावं.