सॅक्रॅमेंटोत किंग्जची मॅच: तिकिटापासून जांभळ्या झोतापर्यंत

एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, मॅच प्रत्यक्ष बघायची म्हटलं की कॅलिफोर्नियाच्या बे एरियातले बहुतेक मराठी लोक सॅन फ्रान्सिस्कोला, तिथल्या वॉरियर्स संघाकडे वळतात. जवळ पडतं, स्टीफन करीसारखा खेळाडू दिसतो, सगळं मान्य. पण तिकिटांचे भाव बघून हात आखडत असेल, तर थोडं पुढे सॅक्रॅमेंटोला, तिथल्या किंग्ज संघाकडे जा, असं मी मनापासून सांगेन. फेब्रुवारी 2024 मधल्या एका शुक्रवारी मी, नवरा आणि पुण्याहून आलेला माझा भाचा असे तिघं किंग्ज विरुद्ध डेन्व्हर नगेट्स ही मॅच बघून आलो. नगेट्स तेव्हा गतविजेते होते, आणि त्या रात्री किंग्ज जिंकले.

या संघाशी आपला थोडा संबंधही आहे. मालकांमधले प्रमुख विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. 2013 मध्ये संघ सिअॅटलला जायच्या बेतात होता, तेव्हा त्यांच्या गटाने तो विकत घेऊन सॅक्रॅमेंटोतच ठेवला. भारतीय वंशाचा पहिला एनबीए खेळाडू सिम भुल्लर 2015 मध्ये किंग्जकडूनच कोर्टवर उतरला. आणि ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्सबरोबर दोन मॅच खेळायला आलेला संघ हाच. भाच्याने त्या मॅच टीव्हीवर बघितल्या होत्या, त्यामुळे तो घरून निघतानाच किंग्जच्या बाजूचा होता.

जायचं कसं, ते आधी ठरवा. शुक्रवारी दुपारनंतर गाडी काढलीत तर हायवे 80 वर ऑफिसातून सुटलेली माणसं आणि टाहोला बर्फात खेळायला निघालेली माणसं एकाच वेळी भेटतात. दीड-दोन तासांचा रस्ता मग तीन तासही खातो. त्यातून डिसेंबर ते फेब्रुवारीत त्या सपाट खोऱ्यात ‘टूले फॉग’ पडतं. हे धुकं इतकं दाट असतं की पुढच्या गाडीचे लाल दिवे अगदी जवळ गेल्यावरच दिसतात. ते बहुतेक रात्री आणि पहाटे उतरतं, म्हणजे नेमकं तुमच्या परतीच्या वेळी. आम्ही कॅपिटॉल कॉरिडॉरची ट्रेन घेतली. ती सॅन होजेहून निघते आणि फ्रीमाँट, ओकलंड, रिचमंड करत जाते. रिचमंडला बार्टमधून (बे एरियातल्या लोकल ट्रेनमधून) उतरून तीच गाडी पकडता येते. मार्टिनेझच्या अलीकडे रूळ खाडीच्या अगदी काठाने जातात, त्यामुळे डाव्या बाजूची खिडकी धरा. सॅक्रॅमेंटो स्टेशनवरून गोल्डन 1 सेंटर, म्हणजे किंग्जचं अरेना, चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. परतीचं मात्र नीट बघा. सातची मॅच संपायला साडेनऊ होतात आणि इतक्या उशिरा परतीची गाडी मिळेल हे गृहीत धरू नका. आम्ही रात्री हॉटेलातच राहिलो, आणि ते उत्तम झालं.

आता तिकीट. भाव ठरतो तो समोर कोण आहे आणि वार कोणता यावर. लॉस एंजेलिसचे लेकर्स किंवा वॉरियर्स येणार असले की भाव चढतात. सोमवार ते बुधवार, त्यातून समोर तळातला संघ असला, तर तीच खुर्ची कितीतरी स्वस्त पडते. तिकिटं पुन्हा विकणाऱ्यांकडचे भाव मॅचच्या दिवशी दुपारी बऱ्याचदा उतरतात, पण तीन-चार जागा एकत्र हव्या असतील तर तिथवर थांबू नका. तेव्हा भाव बघताना शुल्कासकट एकूण रक्कम दाखवणारा पर्याय निवडावा लागायचा, नाहीतर शेवटच्या पानावर रक्कम भलतीच फुगायची. तिकीट फोनमध्येच असतं आणि त्याचा बारकोड बदलत राहतो, त्यामुळे स्क्रीनशॉट चालत नाही. घरूनच लॉगिन करून ते वॉलेटमध्ये घ्या, आणि फोन चार्ज असू द्या. बॅगेच्या मापाचे नियम प्रत्येक अरेनाचे वेगळे असतात. मोठी सॅक मुळात नेऊच नका.

कुठे बसायचं, यावर माझं मत ठाम आहे. मी नागपुरात शाळेपासून बास्केटबॉल खेळले आहे, त्यामुळे हे थोडं अधिकारानेच सांगते. खालच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या जागेपेक्षा वरच्या मजल्याच्या पहिल्या काही रांगांमधली, कोर्टच्या मध्यरेषेजवळची जागा केव्हाही चांगली. कोपऱ्यातून जवळची बास्केट छान दिसते, पण पलीकडच्या टोकाला नुसती पाठींची गर्दी. वरून मात्र दहाच्या दहा खेळाडू पटावरच्या सोंगट्यांसारखे समोर असतात. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो. तिथे जाऊन बघायचं ते चेंडू हातात नसलेल्यांना.

आमच्या मॅचमध्ये तर दोन्हीकडचे सेंटर (बास्केटजवळ खेळणारे उंच खेळाडू) जगातल्या उत्तम पास देणाऱ्यांपैकी होते, नगेट्सचा निकोला योकिच आणि किंग्जचा डोमांटास सबोनिस. सबोनिस कोर्टच्या वरच्या भागात चेंडू धरून उभा राहतो. एक गार्ड, म्हणजे बाहेरून खेळणारा चपळ खेळाडू, त्याच्या खांद्याला घासून पळत येतो आणि जाताजाता चेंडू हातातून हातात घेतो. मागून येणारा बचावपटू सबोनिसच्या अंगावर अडकतो आणि गार्डला तेवढ्यात मोकळा नेम मिळतो. टीव्हीवर हे क्षणात निघून जातं. वरून त्याची तयारी आधीपासून दिसते: दुसऱ्या बाजूचे दोघं मुद्दाम दूर जाऊन थांबतात आणि आपापल्या बचावपटूंना तिकडे गुंतवून ठेवतात. दुसऱ्या क्वार्टरमध्ये भाचा म्हणाला, “मावशी, बघ, आता तो कोपऱ्यातला कापत आत येणार.” आणि तो आला. तिकिटाचे पैसे तिथेच वसूल झाले.

दारं मॅचच्या तासभर आधी उघडतात. तेव्हाच आत शिरा, हा माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला. सरावाच्या वेळी खालच्या रांगांजवळ जाऊन बघू देतात का, ते तिथल्या कर्मचाऱ्यांना नम्रपणे विचारा. बरेचदा हो म्हणतात. तिथे उभं राहिलं की टीव्हीवर कधी न जाणवलेल्या गोष्टी दिसतात. एक खेळाडू डाव्या कोपऱ्यातल्या एकाच जागेवरून थ्री-पॉइंटर (तीन गुणांचा लांबचा नेम) मारत होता. नेम चुकला तरी चेहऱ्यावर काही नाही, बसला तरी काही नाही. प्रत्येक वेळी पावलं तशीच, गुडघे तसेच, हात वर गेल्यावर मनगट तसंच सैल. लहान वयात खेळणाऱ्या मुलांना हे दाखवाच.

गोंगाटाची तयारी ठेवा. सॅक्रॅमेंटोचे प्रेक्षक गायींच्या गळ्यातल्या घंटा वाजवतात. लेकर्सचे तेव्हाचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी या शहराला गुराख्यांचं गाव म्हणून हिणवलं होतं, तेव्हापासून लोकांनी ती घंटा अभिमानाने हातात घेतली. 2013 मध्ये जुन्या अरेनात याच प्रेक्षकांनी 126 डेसिबलचा विक्रम केला. लहान मूल किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर कानांसाठी बोळे न्या. खाण्याचं फार मनावर घेऊ नका. शाकाहारी माणसाला पिझ्झा, फ्राइज, नाचोज मिळतात, महाग असतात. बाहेरच्या चौकात आधी जेवून घ्या. हाफटाइम पंधरा मिनिटांचा असतो आणि तेव्हा स्वच्छतागृहाची रांग जिन्यापर्यंत येते, म्हणून क्वार्टर चालू असतानाच्या टाइमआऊटमध्ये उठा.

किंग्ज जिंकले तर लगेच पार्किंगकडे पळू नका. 2022-23 च्या हंगामापासून इथे विजयानंतर एक मोठं बटण दाबतात आणि अरेनाच्या छतावरून जांभळ्या लेझरचा झोत आकाशात सुटतो. त्याच हंगामात किंग्जनी 16 हंगामांनंतर प्लेऑफ, म्हणजे विजेतेपदासाठीची बाद फेरी, गाठली. इतकी लांब उपासमार एनबीएत दुसऱ्या कुणाच्याही वाट्याला आलेली नव्हती. म्हणून तो झोत बघताना वयस्क माणसंही ‘लाइट द बीम’ असं जीव तोडून ओरडतात. आम्ही बाहेरच्या चौकात आलो तेव्हा अनोळखी लोक भाच्याला टाळ्या देत होते. हॉटेलकडे जाताना चार रस्ते पलीकडूनही झोत स्पष्ट दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्ड सॅक्रॅमेंटोतलं रेल्वे संग्रहालय बघा. अरेनापासून चालत जाता येतं आणि तिथली अवाढव्य वाफेची इंजिनं मुलांना आवडतातच.

तिकीट काढण्याआधी आणखी एक काम करा. पाहुणा संघ आदल्या रात्री दुसऱ्या गावात खेळणार आहे का, ते वेळापत्रकात बघा. लागोपाठ दोन रात्री मॅच असल्या की ज्याच्यासाठी जायचं तोच खेळाडू विश्रांती घेण्याची शक्यता वाढते. दुखापतींची अधिकृत यादी साधारण आदल्या दिवशी येते. खास एका खेळाडूसाठीच जाणार असाल तर ती बघून मगच तिकीट घ्या.

आणि घरात अगदी लहान मुलं असतील, अडीच तास त्यांना बसवणार नाही असं वाटत असेल, तर पहिल्यांदा स्टॉकटनला जा. तिथे किंग्जचाच जी लीगमधला, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगमधला, संघ खेळतो. तिकिटं बरीच स्वस्त, कोर्टजवळच्या जागाही परवडतात, आणि एनबीएच्या उंबरठ्यावरची पोरं जिवाच्या आकांताने खेळताना दिसतात. हंगामाचं वेळापत्रक शरद ऋतूच्या सुरुवातीला लागतं. शनिवारची मॅच बघा आणि मुलांना घेऊन जा.