बॉबी ऑरचा डावा गुडघा टिकला असता तर

आइस हॉकीतला डिफेन्समन बॉबी ऑर याच्या नावावर एनएचएलचे, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे, ६५७ सामने आहेत. २७० गोल, ६४५ असिस्ट, एकूण ९१५ गुण. यातले शेवटचे ३६ सामने बाजूला काढले की उरलेले सगळे १९७५च्या एप्रिलपर्यंतचे, म्हणजे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंतचे. पुढच्या चार हंगामांत तो फक्त १०, २०, शून्य आणि ६ सामने खेळू शकला. १९७९ मध्ये नेहमीची प्रतीक्षा माफ करून त्याला हॉकी हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तेव्हा तो ३१ वर्षांचा होता.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की मैदानावरची हॉकी डोळ्यांसमोर येते, म्हणून आधी थोडं बर्फावरच्या हॉकीबद्दल. एका वेळी संघाचे सहा जण रिंकवर असतात. एक गोलरक्षक, तीन फॉरवर्ड आणि दोन डिफेन्समन. गुण म्हणजे गोल अधिक असिस्ट (गोलाआधीचा पास), आणि एका गोलला जास्तीत जास्त दोन असिस्ट. डिफेन्समनचं काम गोलासमोरची जागा राखणं आणि पक (खेळाची रबरी चकती) पुढच्या माणसाच्या हवाली करणं, अशीच तोवरची समजूत होती. त्याच्या जागेवरून एका हंगामातल्या गोलांचा विक्रम होता २०, तोही १९४४-४५चा. ऑरने १९६८-६९ मध्ये २१ केले, पुढच्या वर्षी ३३ आणि १९७४-७५ मध्ये ४६. सबंध लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवण्याचा आर्ट रॉस करंडक त्याने दोनदा घेतला, १९७० आणि १९७५ मध्ये. दुसऱ्या कुठल्याही डिफेन्समनला तो एकदाही मिळालेला नाही.

'दुखापत नसती तर' या एका वाक्यात दोन वेगळे प्रश्न लपलेले असतात आणि बहुतेक चर्चा तिथेच घसरते. पहिला प्रश्न: १९७५च्या एप्रिलमध्ये गुडघा जसा होता, तसाच आणखी दहा वर्षं चालला असता तर? दुसरा: गुडघा मुळात कधी दुखावलाच नसता तर? पहिल्याचं गणित मांडता येतं, दुसऱ्याचं नाही. कारण दुखापत कारकिर्दीच्या शेवटी आली नव्हती, ती पहिल्याच हंगामापासून बरोबर होती. ९ हंगामांत त्याच्या संघाचे, बॉस्टन ब्रुइन्सचे, ६८८ साखळी सामने झाले, त्यांतले ६२१ ऑर खेळला. हुकलेल्या ६७ पैकी २८ एकट्या १९६७-६८ मधले. ज्या ऑरला आपण धडधाकट समजतो, तोही दुखऱ्या गुडघ्याचाच होता.

आता पहिला प्रश्न. सगळ्यात सोपी आणि सगळ्यात चुकीची रीत अशी: ऑरची सरासरी सामन्याला १.३९ गुण, बॉस्टनचाच नंतरचा डिफेन्समन रे बोर्क १,६१२ सामने खेळला, तेव्हा गुणाकार करा आणि २,२४५ लिहून मोकळे व्हा. या सरासरीत उतारवय आलेलंच नाही. ती घडली ती जवळजवळ सगळी १८ ते २७ या वयात. उलट शेवटचे लंगडत खेळलेले ३६ सामने तिच्यात आहेत. शिवाय १९६७ मध्ये लीग सहा संघांवरून एकदम बारावर गेली, १९७४ पर्यंत अठरावर. नव्या संघांकडे खेळाडूंची वानवा होती. १९७०-७१ मध्ये ऑरचं प्लस-मायनस अधिक १२४ होतं, म्हणजे तो रिंकवर असताना, जास्त खेळाडूंनिशी केलेले गोल सोडून, बॉस्टनने खाल्ल्यापेक्षा १२४ गोल जास्त केले. हा आकडा आजही विक्रम आहे, पण त्यात त्या कच्च्या संघांचाही वाटा आहे. त्याच वर्षी प्लेऑफच्या (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांच्या) पहिल्याच फेरीत मॉन्ट्रियलने बॉस्टनला सात सामन्यांत घरी पाठवलं, हेही त्याच कागदावर लिहायला हवं.

म्हणून सुरुवात १९६९-७० ते १९७४-७५ या सहा हंगामांपासून करावी. ४४७ सामने, ७३४ गुण, सामन्याला १.६४. उतार किती धरायचा, यासाठी सगळ्यात जवळचं माप नंतरच्या डिफेन्समन पॉल कॉफीचं, कारण तोही स्केटिंगच्या जोरावर खेळणारा. कॉफीने २४व्या वर्षी ७९ सामन्यांत १३८ गुण केले, २८व्या वर्षी ८० सामन्यांत १०३ आणि ३३व्या वर्षी ४५ सामन्यांत ५८. शिखरापासून साधारण चौथा हिस्सा घसरण आणि मग बरीच वर्षं सपाटी. ऑरसाठी मी पहिली तीन वर्षं १.५, पुढची तीन १.३, त्यापुढची तीन १.०५ आणि अखेरचं एक वर्ष ०.८ धरतो. आधी तो ९० टक्के सामने खेळत होता. वय वाढल्यावर ८५ टक्के धरले तर ८० पैकी ६८. शेवटच्या वर्षी ६०.

पहिल्या तीन वर्षांत २०४ सामने, ३०६ गुण. दुसऱ्या तीन वर्षांत तेवढ्याच सामन्यांत २६५, तिसऱ्या तिनात २१४, अखेरीस ४८. म्हणजे ६७२ सामने आणि ८३३ गुण. आधीचे ६२१ सामने आणि ८७० गुण मिळवले की बेरीज १,२९३ सामने, १,७०३ गुण. डिफेन्समनांमध्ये बोर्कचे १,५७९ सर्वाधिक आहेत, म्हणजे ऑर ३१९ सामने कमी खेळून पुढे जातो. १९८०च्या सुमारास गोलांचा पाऊस वाढला होता. १९८१-८२ मध्ये सामन्याला दोन्ही संघांचे मिळून आठ गोल होत होते. हे मी ऑरच्या पदरात टाकलेलं नाही. १९६७ ते ७५च्या कच्च्या संघांमुळे फुगलेल्या आकड्यांची त्यातून भरपाई झाली, एवढंच धरतो.

गणित कंजूषपणे केलं तर? आठच हंगाम, दर हंगामात ५५ सामने, तीन वर्षं १.२, तीन वर्षं १.०, दोन वर्षं ०.८. बेरीज १,०६१ सामने आणि १,३२१ गुण. मग कॉफीचे १,५३१ आणि बोर्कचे १,५७९ दोन्ही वरच राहतात. तेव्हा 'ऑरने सगळे विक्रम मोडले असते' हे छातीठोकपणे सांगणाऱ्याने तो किती सामने खेळला असता, हे आधी सांगावं. गुणांच्या वेगाबद्दल कुणाला शंका नाही. सगळं अडतं ते सामन्यांच्या संख्येवर, आणि ती संख्या गुडघ्याच्या हातात होती.

त्या गुडघ्यात काय होत होतं, हे समजल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन गाद्या असतात, डॉक्टर त्यांना मेनिस्कस म्हणतात. वजन हाडाच्या मोठ्या भागावर पसरवणं हे त्यांचं काम. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, आतल्या भागाला जवळपास नसतो. म्हणून कडेची चीर शिवली तर भरून येऊ शकते, आतली सहसा येत नाही. स्केटरच्या गुडघ्यावर ताण विचित्र येतो: पात्याची कड बर्फात रुतलेली, गुडघा खोल वाकलेला आणि वरून धड दुसऱ्याच दिशेला वळतंय. ऑरचा खेळ तर याच एका हालचालीवर उभा होता. आपल्या गोलामागून पक घेऊन निघायचं, अंगावर येणाऱ्याला एका बाजूची हूल द्यायची आणि वेग न सोडता आत वळायचं. तो डाव्या हाताने फटकावणारा असून उजव्या बाजूला खेळायचा, त्यामुळे आत वळताच रिंकचा मधला भाग त्याच्या सरळ फटक्यासमोर उघडा पडे. काठीच्या पात्यावर टेपची जेमतेम एक पट्टी आणि स्केटच्या आत पाय अनवाणी, मोजेसुद्धा नाहीत. बर्फ आणि पक थेट कळावा असा तो माणूस.

१९६०च्या दशकात फाटलेल्या गादीवर रूढ उपाय म्हणजे गुडघा उघडायचा आणि गादी काढून टाकायची. दुखणं थांबे, खेळाडू काही महिन्यांत परत येई. पण गादी गेली की तोच भार थोड्या जागेवर एकवटतो. हाडाच्या टोकावरचा गुळगुळीत कूर्चेचा थर झिजतो, त्याचे तुकडे सुटतात, सांध्यात अडकतात, गुडघा अचानक अडकून बसतो, पाणी भरतं. मग तुकडे काढायला पुन्हा शस्त्रक्रिया, आणि मूळ कारण जागच्या जागी. ऑरच्या डाव्या गुडघ्यावर डझनभराहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या त्या या चक्रात. आज दुर्बिणीतून फाटलेला तुकडाच तेवढा काढतात आणि खेळाडू साधारण चार-सहा आठवड्यांत परततो. शिवण्यासारखी चीर असेल तर शिवतात आणि चार-सहा महिने थांबतात. पण आजच्या सर्जनने ऑरला सोडवलं असतं, असं सरसकट म्हणायला मी तयार नाही. गादी वाचली असती, हे खरं. मात्र त्या खेळात पुढची धडक टळत नाही आणि शिवलेली गादी पुन्हा फाटू शकते. माझा अंदाज एवढाच, की आजच्या उपचारांनी वरच्या दोन गणितांपैकी मोठं गणित जास्त खरं ठरलं असतं.

धडधाकट ऑर म्हणजे काय, याचा सगळ्यात जवळचा पुरावा विचित्रपणे सगळ्यात वाईट गुडघ्याच्या वेळचा आहे. १९७२च्या सोव्हिएत संघाविरुद्धच्या मालिकेत तो कॅनडाच्या संघाबरोबर फिरला, पण खेळू शकला नाही. १९७६च्या सप्टेंबरात कॅनडा कपमध्ये तो खेळला: ७ सामने, २ गोल, ७ असिस्ट आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू. त्यानंतर शिकागोकडून त्या हंगामात २० सामने, आणि गुडघा संपला. पाय उरला नव्हता, पण कुठला पास कधी मोकळा होणार हे त्याला तेव्हाही इतरांच्या आधी दिसत होतं. तिशीनंतर वेग ओसरल्यावरही तो का टिकला असता, याचं उत्तर मला त्या सात सामन्यांत दिसतं.

शिकागोला तो गेला कसा, हेही जर-तरमध्ये धरावं लागतं. बॉस्टनने त्याला संघाची १८.५ टक्के मालकी देऊ केली होती. एजंट ॲलन ईगलसनने ते त्याच्यापर्यंत पोचू दिलं नाही. हाच ईगलसन १९९८ मध्ये फसवणुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरला. गुडघा धड असता तर करार इतका अडचणीचा झाला नसता आणि ऑर बॉस्टनलाच राहिला असता, असं मी धरतो.

पण मग इतर धागेही सुटतात. १९७५च्या नोव्हेंबरात बॉस्टनने फिल एस्पोझिटो आणि कॅरोल व्हॅडनेस न्यूयॉर्क रेंजर्सला देऊन डिफेन्समन ब्रॅड पार्क आणि जाँ रातेल घेतले. ऑर त्या वेळी शस्त्रक्रियेमुळे बाहेर होता. तो खेळत असता तर हा सौदा झाला असता का? बहुधा नाही. म्हणजे 'ऑर आणि पार्क एकत्र, १९७७ आणि १९७८च्या अंतिम फेरीत मॉन्ट्रियलसमोर' हे आवडीचं चित्र स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतं. १९७६-७७चा मॉन्ट्रियल साखळीत ८० पैकी फक्त ८ सामने हरला होता. तिथे एकटा ऑर पुरला असता असं मला वाटत नाही. १९७९चा उपांत्य फेरीचा सातवा सामना मात्र वेगळा. बॉस्टन पुढे होतं, त्यांचा एक माणूस रिंकवर जास्त गेला, शिक्षा म्हणून एक माणूस कमी ठेवून खेळावं लागलं, तेवढ्यात मॉन्ट्रियलच्या गी लाफ्लरने बरोबरी केली आणि जादा वेळेत बॉस्टन हरलं. एक माणूस कमी असताना पक स्वतःकडे ठेवून घड्याळ खाणं, हे काम ऑरइतकं चांगलं कुणीच केलेलं नाही.

एक धागा मात्र ऑरच्या गुडघ्याला बांधलेला नव्हता. १९७९च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे तळाच्या संघांपासून सुरू होणाऱ्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, बॉस्टनने रे बोर्कला आठव्या क्रमांकावर घेतलं, आणि तो क्रमांक त्यांचा स्वतःचा नव्हता. गोलरक्षक रॉन ग्रॅहम देऊन लॉस एंजेलिसकडून मिळवलेला होता. बॉस्टन कितीही वर असतं, तरी त्या क्रमांकाची जागा बदलली नसती. त्याच वर्षी ९ जानेवारीला बॉस्टन गार्डनच्या छताखाली ऑरचा ४ नंबर कायमचा टांगला गेला होता. ऑक्टोबरात बोर्क पहिल्यांदा उतरला, वय १८, आणि त्या हंगामात त्याने ६५ गुण केले. ऑर तेव्हा ३१ वर्षांचा. बोर्क डाव्या बाजूचा, ऑर उजव्या.